आठ बळी, चौदा धावा

बाबा, तुम्ही शिकवलेलं सगळं मी अगदी तंतोतंत पाळलं आणि त्यातूनच हे घडलं. दुसऱ्या कुणाला सांगितलं तर हसतील, म्हणून तुम्हाला लिहिते आहे. तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली. रागवायला तुम्ही नाही हे एका परीने बरंच, असं मी मनाशी म्हणते, आणि चार दिवस झाले, मला नुसतं तुमचं रागावणंच हवं आहे.

मी इथे परदेशात, टौरंगाला राहते ते तुम्हाला माहीत होतं. इथून गाडीने पाऊण तासावर, किवीच्या बागा संपतात तिथे, एक जुना क्रिकेट क्लब आहे. नात तुमची तिथे खेळायला लागली आणि गाडीत बसून कंटाळण्यापेक्षा मी स्कोअररच्या टेबलाशी जाऊन बसले, ती आजतागायत. व्हिक्टोरिया राणीच्या काळात इथे काउंटी, म्हणजे आपल्याकडचा तालुका म्हणा, नवी नवी झाली तेव्हा तिचा म्हणून हा क्लब निघाला. त्या पहिल्या हंगामाची स्कोअरची वही यंदा क्लबच्या माळ्यावर पत्र्याच्या पेटीत सापडली. सगळ्या मिळून पाच मॅचेस. एका पानाच्या समासात 'मेंढ्या हाकलण्यात अर्धा तास गेला' अशी नोंद आहे. एक पाहुणा संघ दोन दिवस घोड्यावरून आला आणि त्रेसष्ट धावांत गारद होऊन परत गेला. क्लबच्या वर्धापनदिनाला वही काचेच्या पेटीत ठेवायची, शेजारी तिची टाइप केलेली प्रत. हे काम क्लबवाल्यांनी माझ्याकडे दिलं. "तुला ही स्कोअरची भाषा वाचता येते," असं म्हणाले. मी फुलून गेले होते, बाबा. तुमच्यासारखं वही मांडीवर घेऊन बसले.

आणि तुमच्यासारखीच बेरीज लावली. फलंदाजांच्या धावा बावन्न, बाय आणि लेगबाय नऊ, वाइड दोन, एकूण त्रेसष्ट. तिथपर्यंत ठीक. मग बोलर्सच्या बाजूने ताळा केला तर दोन धावा कमी. वाइड कुणाचे तेही वहीत होतं, ज्याने एकट्याने आठ जणांना बाद केलं त्याचेच. त्याच्या नावापुढे चौदा धावा होत्या, त्या सोळा हव्यात. मी इथे येताना तुम्ही दिलेलं शाईचं पेन उघडलं. चौदावर एक रेघ मारली, वर सोळा लिहिले, शेजारी सही केली. दुसऱ्याची, दीडशे वर्षं जपून राहिलेली वही, बाबा! हात थांबायला नको होता का? पण नाही थांबला. न जुळलेल्या वहीपुढे आपल्या दोघांचे हात कधीच थांबले नाहीत.

मी नऊ वर्षांची आहे. रविवारी संध्याकाळी तुमच्या ऑफिसची मॅच संपवून आपण घरी आलोय, आई ओट्याशी पिठलं घोटते आहे आणि तुम्ही पाटावर वही उघडून बसला आहात. मी एक आकडा चुकवलेला असतो, तो खोडरबराने हळूच पुसायला लागते, तर तुम्ही माझं मनगट धरता. "वहीत खोडायचं नाही. एक रेघ, वर बरोबर आकडा, शेजारी सही. चूक झाली ती लोकांना दिसली पाहिजे." तुम्ही इतक्या जोरात बोलता की आईही वळून बघते. त्यानंतर तुमच्या चुका मी दुरुस्त करायला लागले, आणि तुमची नजर मैदानावर असायची म्हणून सहीसुद्धा मीच करायची, तुमची, नाव, वडिलांचं नाव, आडनाव अशा तीन अक्षरांची. कॉलेजात जाईपर्यंत केली.

सोमवारी क्लबात वही आणि मजकूर नेऊन दिला. क्लबात चहा बघणाऱ्या एक आजी आहेत, ऐंशीच्या पुढच्या. तो आठ बळींवाला त्यांचा पणजोबा. त्यांनी पेटीत ठेवायला घरून एक चेंडू आणला होता, वाळलेल्या सुपारीसारखा झालेला, त्यावर चांदीची पट्टी आणि पट्टीवर कोरलेलं, 'आठ बळी, चौदा धावा'. त्यांनी चष्मा लावून वहीतलं पान पाहिलं, मग पट्टी पाहिली, परत पान पाहिलं. "म्हणजे दोन धावा खाल्ल्या म्हाताऱ्याने," त्या हसत म्हणाल्या. पण लगेच खाली बसल्या. "माझा बाप मरताना हा चेंडू माझ्या हातात देऊन गेला," एवढंच पुढे बोलल्या आणि चेंडू परत पिशवीत घातला. मी कप विसळत राहिले.

घरी येताना मोटरवेवर मला तुमचा आवाज आठवला, आणि पुढच्या वळणाला गाडी बाजूला घ्यावी लागली. मी शाळेत असताना नियम बदलला होता. तोवर वाइड बोलरच्या नावावर लागतच नसत, नुसते अवांतर धावांत जात. तुम्ही त्याच स्वयंपाकघरात किती चिडला होता! "आता जुनी वही आणि नवी वही एका रीतीने तपासायची नाही, कळलं का?" मी दाणे खात होते, 'हो' म्हणाले. एक अक्षर ऐकलं नव्हतं. त्या काळी चार चेंडूंची ओव्हर असायची हे मी वाचून काढलं होतं, तेवढ्यावर स्वतःला शहाणी समजले. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. वही बरोबर होती, म्हातारा खरा होता. खोटी मी होते.

लगेच जाऊन सांगायला हवं होतं. लेक म्हणाली, "आई, जस्ट टेल हर. इट्स टू रन्स!" तिला काय सांगू, की दोन धावा नाहीत, एक मेलेला माणूस आहे? मंगळवार गेला, बुधवारही गेला. गुरुवारी सकाळी मी त्यांच्या दारात उभी राहिले आणि सगळं एका दमात सांगितलं. इथे काही बिघडलं तरी माणसं 'स्वीट अॅज', म्हणजे चालायचंच, म्हणून विषय संपवतात. त्या तसं म्हणाल्या नाहीत. आत गेल्या आणि चेंडू आणून टेबलावर ठेवला. पट्टी नव्हती. "काल काढली," त्या म्हणाल्या. "पकडीने. खोटं कोरलेलं लोकांसमोर कसं ठेवायचं?" चांदीचा वाकडा तुकडा बशीत पडला होता, त्याचे दोन भाग झाले होते. मी रडले, बाबा, त्यांच्या टेबलावर डोकं टेकून रडले. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला नाही, आणि मला त्यांचा राग आला नाही. सोनार पट्टी सांधेल म्हणतात. पानाचं मात्र आता काही करता येत नाही.

निघताना त्यांनी विचारलं, "आणि त्या आकड्याशेजारी तीन अक्षरं आहेत, ती कुणाची? तुझी तर नाहीत." तोवर माझ्याही लक्षात आलं नव्हतं. पेन तुमचं, रेघ तुमची, आणि हाताने लिहिली ती सहीही तुमची. त्या पानावर, त्या चुकीशेजारी तुम्ही उभे आहात, ज्यांच्या हातून ती चूक कधीच झाली नसती.

उद्या पेटीला कुलूप लागेल. हे पत्र मी कुठे पाठवणार, पेनाच्या डबीखाली घडी करून ठेवते. पण एक सांगायचं राहिलं. "माझीच," असं मी त्यांना सांगितलं, "माहेरची." त्यातलं शेवटचं, आडनावाचं अक्षर तेवढं खरं आहे, बाबा. बाकीच्या दोन अक्षरांवर रेघ मारायचा मला धीर झाला नाही.