चिमणीच्या दंडाचा पट्टा

विहीणबाईंना मनापासून नमस्कार. (मुलाची आई असून मीच आधी नमस्कार घालते आहे, याची नोंद घ्यावी.) तुमचे गुडघे कसे आहेत? व्याह्यांचा खोकला गेला का, की अजून घरजावयासारखा ठाण मांडून आहे?

आता आपल्या नातीचं. तिला चिमणी म्हणायला लागले तेव्हा ती तळहातावर मावायची. आता आठव्या वर्षी तिला उचलायला दोन माणसं लागतात, तरी मी म्हणत होते, बाळसं आहे, उतरेल. गेल्या महिन्यात शाळेत तपासणी झाली. सगळ्या पोरांना काट्यावर उभं केलं, मैदानात दोन फेऱ्या पळवलं. आपली चिमणी पहिल्याच फेरीत अर्ध्यावर बसली आणि बाकीच्यांना टाळ्या वाजवून हुरूप देऊ लागली. (स्वभाव चांगला आहे, तो आमच्याकडचा.) दंडाला पट्टा बांधून बीपी बघितलं, ते जास्त. तशी चिठ्ठी घरी आली. तुमच्या लेकीने ती तीनदा वाचली आणि मग माझ्याकडे बघितलं. मी बिस्किटांचा डबा पदराखाली घेतला, पण उशीर झाला होता.

डॉक्टर म्हणाले, एकदा जास्त आलं म्हणजे लगेच आजार नव्हे, वेगवेगळ्या दिवशी तीनदा बघायचं. तिन्ही वेळा जास्त निघालं तर मग रक्त, लघवी, सोनोग्राफी, सगळं रामायण. शाळेतलं पहिलं धरलं. दुसऱ्या खेपेला मी घेऊन गेले, कारण सुनेला रजा नव्हती. घरातून निघाल्यापासून मी पोरीला धीर देत होते, सुई टोचणार नाहीत हं, रक्त काढणार नाहीत, भ्यायचं नाही. (तोवर ती भ्यालेलीच नव्हती.) दवाखान्याच्या पायरीवर तिने भोकाड पसरलं. ते मिटवायला मी वेफर्सचं पाकीट दिलं. (एकच. दुसरं माझं होतं.) दवाखाना तिसऱ्या मजल्यावर. व्यायाम करा म्हणालेत ना, म्हणून लिफ्ट सोडून तिला जिने पळत चढवले. डॉक्टरांनी पट्टा हातात घेतला आणि तिच्या ओठांवरचं मीठ बघून खाली ठेवला. म्हणाले, "आजी, रडवून, पळवून, खारट खायला घालून कोणी बीपी मोजतं का?" मी म्हटलं, "अहो, मग पोरांनी तुमच्याकडे यायचं तरी कसं?" त्यांनी तिला शांत बसवलं, पुन्हा मोजलं. तरी जास्तच. तेव्हा मात्र ते हसले नाहीत आणि मीही गप्प बसले. मला गप्प बसलेलं चिमणीने पहिल्यांदाच बघितलं, तिने माझाच हात धरला.

मग त्यांनी विचारलं, घरात कोणाला बीपी आहे का. मी ताडकन सांगितलं, "आमच्यात कोणाला नाही. हिच्या आईच्या आईला आहे, गोळ्या चालू आहेत." त्यांनी लिहून घेतलं. राग मानू नका, तुमच्याबद्दल खरं तेच सांगितलं.

घरी सुनेचा हुकूम सुटला. वेफर्स बंद, टीव्ही बंद, रोज एक तास खेळ. खेळवायचं कोणी? मीच. मी दोरीचं एक टोक समोरच्या शिंप्याच्या दाराच्या कडीला बांधलं, दुसरं हातात धरलं. चौथ्या उडीला शिंप्याने आतून दार ओढलं आणि मी दोरीसकट त्याच्या उंबऱ्यात. तो मेला म्हणतो कसा, "काकू, माप द्यायला आलात?" माझी एक चप्पल जिन्यावरून थेट खाली गेली. चिमणी खिदळत तीन मजले उतरली आणि चप्पल घेऊन वर आली, मध्ये कुठे न बसता! पंधरा दिवसांत वजन तसूभर हललं नाही, पण दम मात्र वाढला. हे तुमच्या लेकीने मान्य करायला हवं. पण तिचं कशात लक्ष नाही. तिसरी खेप गुरुवारी आहे, तिने अर्धी रजा काढली आहे आणि कॅलेंडरकडे न बघण्याचा सराव करते आहे.

बाकी सगळं ठीक. व्याह्यांना नमस्कार सांगा.

तुमची,
विहीण

ता. क. गुरुवारी सकाळीच इकडे या. (पत्र यासाठीच लिहायला घेतलं होतं.) खाऊ आणू नका, चेंडू आणा.

दुसरा ता. क. माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन पुढे गेलं ते डोळ्यांचे डॉक्टर परदेशी गेले म्हणून, असं मी घरात सांगितलंय. ते कुठेही गेलेले नाहीत. माझं बीपी एकशे नव्वद निघालं, म्हणून त्यांनी हात लावला नाही. माझ्या आईलाही होतं. गोळ्या लिहून दिल्यात, त्या मी अजून आणल्या नाहीत.

तिसरा ता. क. चिमणीच्या कागदावर एकट्या तुमचंच नाव लागलंय. माझ्या तोऱ्यापायी पोरीच्या औषधपाण्याची दिशा चुकायला नको. गुरुवारी मी डॉक्टरांना खरं सांगणार आहे. तुम्ही फक्त तेवढा वेळ लेकीला खाली औषधाच्या दुकानात घेऊन जा. ती लवकर परतलीच, तर दारातच चक्कर आल्यासारखं करा. तुमचं बीपी जगजाहीर आहे, तुमच्यावर कोणी संशय घेणार नाही.