ओढ्यातली तनू

शनिवार, ३ जानेवारी
लागलं बाई घर एकदाचं! लंडनजवळच्या स्लाऊच्या फ्लॅटमधून बेसिंगस्टोकजवळच्या या खेड्यात आलो आणि परसात चक्क ओढा! काठाला बर्फ, मधून वाहतं पाणी. माझ्या जुन्या फिल्म कॅमेऱ्याची चंगळच. रघुवीर म्हणतो, हातात फोन असताना हा द्राविडी प्राणायाम कशाला? नवऱ्यांना काय कळतंय.

रविवार, ४ जानेवारी
कॅमेरा तीस सेकंद उघडा ठेवला की वाहतं पाणी दुधासारखं पांढरं येतं. हलणारं सगळं पुसलं जातं, स्थिर तेवढं उरतं. फोटोत माणूस हवं म्हणून तनूला बर्फावर उभं केलं. सहा वर्षांचं भिरभिरं ते, म्हणून ‘स्टॅच्यू’ म्हटलं. मी ‘ओव्हर’ म्हणेपर्यंत हलायचं नाही.

तेवढ्यात बॉयलरवाला आला. त्याच्या नादात दहा मिनिटं गेली. परतले तर पोर तशीच उभी, ओठ निळे. उचलून आत आणलं. ‘ओव्हर’ म्हणायचं राहूनच गेलं. स्वतःचीच लाज वाटली.

मंगळवार, ६ जानेवारी
तनू शाळेत असताना नुसत्या ओढ्याचे फोटो काढले. बाथरूममध्ये फिल्म धुतली. प्रत्येक फोटोत बर्फावर तनू उभी आहे. रघुवीर म्हणाला, एकाच फिल्मवर दोनदा फोटो पडले असतील. फिल्म नवी होती.

गुरुवार, ८ जानेवारी
घरातली तनू हीटरपाशी बसत नाही. हात गारच. दूध नको म्हणते.
आजच्या फोटोत ती कमरेपर्यंत बर्फात आहे. तोंड उघडं. मला हाक मारतेय. काठावर जाऊन घसा बसेपर्यंत ‘ओव्हर’ ओरडले. काही नाही.

शुक्रवार, ९ जानेवारी
गळ्यापर्यंत.
उद्या आठ डिग्री सांगितलंय. बर्फ राहणार नाही. रघुवीर म्हणतो, तनू तुझ्यासमोर जेवतेय, जरा झोप घे. ती जेवत नाही. ताटाकडे बघत बसते.

शनिवार, १० जानेवारी
छपरावरून पाणी गळतंय. बर्फ तडकल्याचा आवाज इथे किचनपर्यंत—
रघुवीर ऑन-कॉल ड्यूटीवर, फोन उचलत नाही. मी बूट घातले. ही दारात येऊन विचारते, कुठे चाललीस. सांगितलं, तनूला आणायला.
रडायला लागली. नाक ओढत, हुंदके देत, अगदी तनूसारखी. म्हणते मीच तनू, मला सोडून जाऊ नको—
परसातूनही तेच रडणं. तेच हुंदके. आई म्हणून—
एकीलाच जवळ घेता येईल आणि मला माझं पोर ओळखू—