जास्तीची पिशवी

१ ऑक्टोबर, मंगळवार

आले एकदाची. क्लीव्हलँडहून निघाले तेव्हा पाऊस होता, मेरो फेरी गावात पोचले तर लख्ख ऊन. खोली चपलांच्या एका बंद दुकानावर आहे. खिडकीतून ओहायो नदी आणि तिच्यावरून रेंगाळत जाणारे कोळशाचे पडाव दिसतात. घरमालकिणीनं जिन्यात माझ्यासाठी ॲपल-पाय झाकून ठेवला होता. अर्धा उभ्यानंच संपवला.

चौदा वर्षं विमा कंपनीत लोकांच्या अपघातांचे अर्ज टाइप केले. आता गावच्या वाचनालयात बालविभाग सांभाळायचा. दर गुरुवारी शाळा सुटल्यावर मुलांसाठी हॅलोविनची कागदकामाची कार्यशाळा, आणि ३१ तारखेला पार्टी. कात्री, गोंद, पोरं. ही वही मुद्दाम नवी घेतली. एक्केचाळिसाव्या वर्षी पहिल्यांदा कामावर जायची घाई झाली आहे.

३ ऑक्टोबर, गुरुवार

पहिला वर्ग झाला. नाव नोंदवलेली मुलं नऊ. टॉयलेट पेपरच्या रिकाम्या नळ्यांना काळा रंग देऊन वटवाघळं केली. टकर नावाच्या पोरानं रंगवलेल्या नळीतून सगळ्यांच्या कानात भोंगा वाजवला. सहा वर्षांची ॲडलिन प्रुइट माझी लाडकी होणार असं दिसतंय. पुढचे दोन दात पडलेत, आणि नजर चुकवून गोंद चाटते.

एकच गोष्ट खटकली. प्रत्येकाचं सामान मी एकेका खाकी पिशवीत भरून ठेवलं होतं. आमच्या मुख्य ग्रंथपाल विल्मा ओटरबाइन खाली आल्या, पिशव्या मोजल्या आणि म्हणाल्या, दहा कर. आणखी कुणी येणार आहे का, विचारलं. नाही. काही कमी पडलं तर म्हणून का? तेही नाही.

"दहाच कर, कोरीन. इथं तसंच करतात."

केली दहावी. खिडकीजवळच्या बुटक्या टेबलावर ती तशीच पडून राहिली.

४ ऑक्टोबर, शुक्रवार

सकाळी कुलूप उघडलं तर दहाव्या पिशवीतलं वटवाघूळ तयार. दोन्ही डोळे एकाच बाजूला चिकटवलेले, गोंद अजून ओला. मला वाटलं, विल्माबाईंनीच गंमत केली. हसत त्यांना दाखवलं. त्या हसल्या नाहीत. बाकीच्या नऊ वटवाघळांशेजारी ते टांगलं आणि परत शिक्के मारायला गेल्या.

१० ऑक्टोबर, गुरुवार

आज डोकं फिरलंय. आजची कृती सोपी होती: मुलाच्या पायाच्या तळव्याला पांढरा रंग लावायचा, काळ्या कागदावर ठसा घ्यायचा, टाचेच्या जागी दोन डोळे काढले की झालं भूत. काळा जाड कागद नऊच उरला होता आणि विल्माबाई दातांच्या डॉक्टरकडे गेल्या होत्या. मी नऊच पिशव्या केल्या. कारण न सांगता कुणी नियम लादला की माझं असंच होतं.

रंग मोज्यांना लागला, गालिच्याला लागला, टकरच्या आईच्या गाडीला लागला. त्या बाईंनी मला सगळ्यांसमोर सुनावलं. त्यात ॲडलिन रडायला लागली. तिच्या ठशावर दुसऱ्या कुणाचा तरी तेवढाच पाय उमटला होता, बोटं उलट्या दिशेला. कुणी केलं, विचारलं तर म्हणते, जिला पिशवी नाही तिनं. मी टकरला रागावले. त्यानं शपथ घेतली. मग तोही रडला.

११ ऑक्टोबर, शुक्रवार

खिडकीपासून माझ्या खुर्चीपर्यंत लहान पांढरी पावलं. तीन वेळा घासली. ओली असताना जातात, वाळली की परत दिसतात. कोपरं दुखायला लागली.

विल्माबाईंनी पावलं पाहिली आणि एवढंच विचारलं, नऊच केल्यास ना? मी म्हटलं, हो, आणि आता मला नीट सांगा काय चाललंय. त्या म्हणाल्या, पुढच्या वेळी दहा कर. घरमालकिणीला विचारलं तर ती यंदाच्या भोपळ्यांबद्दल बोलत राहिली. खाटकाला विचारलं तर त्यानं नदीचं पाणी किती चढलंय ते सांगितलं. अख्ख्या गावाला माहीत आहे आणि मला कुणी सांगत नाही. विमा कंपनीत निदान अर्जावर खरं लिहावं लागायचं.

१७ ऑक्टोबर, गुरुवार

दहा केल्या. वर्ग सुरळीत झाला. कागदी बशांचे मुखवटे केले: मांजर, घुबड, भोपळा. कुणी रडलं नाही, काही सांडलं नाही. याचाच मला जास्त राग आला.

१८ ऑक्टोबर, शुक्रवार

दहावा मुखवटा मांजराचा नाही, घुबडाचाही नाही. पिवळ्या लोकरीचे केस, गालावर ठिपके, पुढचे दोन दात नसलेलं तोंड. ती ॲडलिन आहे. कुणीही ओळखेल.

मी तो कचऱ्यात टाकला. विल्माबाईंनी तो काढला, झटकला आणि बुटक्या टेबलावर ठेवला.

२४ ऑक्टोबर, गुरुवार

वर्ग संपल्यावर मी किल्ल्या त्यांच्यापुढे ठेवल्या. सांगा, नाहीतर मी निघाले, म्हटलं. त्यांनी चष्मा काढून पुसला.

"बऱ्याच वर्षांपूर्वी पार्टी संपली आणि एका मुलीला न्यायला कुणी आलंच नाही. माझ्या आधीच्या बाईंनी मला एवढंच सांगितलं. तिला आपल्यात धरायचं, तिची एक जागा ठेवायची. नाही ठेवली तर ती दुसऱ्या कुणाची तरी घेते."

हे पहिल्या दिवशी सांगायला काय झालं होतं, मी विचारलं.

"सांगितलं असतं तर तू राहिली असतीस?"

किल्ल्या मी परत उचलल्या. आता सोडून गेले तर ॲडलिनचं काय?

३१ ऑक्टोबर, गुरुवार, दुपारी बारा

विल्माबाई तापानं झोपून आहेत. मी एकटीच आहे, पण सगळं जागेवर आहे. दहा पिशव्या, दहा खुर्च्या, खेळासाठी दोऱ्यांना टांगलेले दहा डोनट. तीनदा मोजलं. या वेळी माझ्याकडून चूक होणार नाही.

सव्वापाच

पार्टी झाली. मुलांना न्यायला आलेले सगळे गेले. घडलं ते लिहून ठेवतेय.

तीन वाजता टकरची आई त्याच्या मामेबहिणीला घेऊन आली. न सांगता. पोरगी दारातच हिरमुसली होती, तिला काही नाही मिळणार का म्हणून. त्याच्या आईनं सरळ दहावी पिशवी उचलून तिच्या हातात दिली. ही तर जास्तीचीच आहे ना, म्हणाली. मी नको म्हटलं. का, विचारलं. मला सांगता येईना. सगळे माझ्याकडे बघत होते. मी दिली.

वर जाऊन अकरावी भरून आणते म्हटलं. तेवढ्यात रस सांडला, मग ममीचा खेळ सुरू झाला. एकानं उभं राहायचं, दुसऱ्यानं त्याला टॉयलेट पेपरनं गुंडाळायचं. आरडाओरडा, सगळीकडे कागद. राहून गेलं. राहूनच गेलं.

जाताना सगळ्यांनी मुखवटे घातले होते. मी दारात मोजलं. दहा मुलं, प्रत्येकाला न्यायला कुणीतरी. ॲडलिन मधमाशीच्या पोशाखात आईचा हात धरून गेली. मुखवटा पिवळ्या केसांचा होता.

तिनं तर मांजर केलं होतं.

पाच चाळीस

कपाटातून आवाज आला. रंगाच्या कपाटातून.

ॲडलिन आहे. गळ्यापासून पायांपर्यंत कागदात गुंडाळलेली. आत मधमाशीचा पोशाख. रडत नाही. मी कागद फाडून काढले, पोटाशी धरलं. अंग बर्फासारखं. म्हणते, ती म्हणाली, आता थांबायची पाळी तुझी.

म्हणजे तिच्या आईबरोबर, प्रुइट बाईंच्या घरी जी गेली—

पाच पन्नास

फोन केला. प्रुइट बाई हसल्या. ॲडलिन माझ्यासमोर सूप पितेय, म्हणाल्या, मुखवटा वर सरकवून. मी म्हटलं, तो काढा. आत्ता काढा. त्यांना वाटलं मी प्यायलेय.

काढला त्यांनी.

"अहो, तीच आहे. माझी पोर मी ओळखणार नाही का?"

फोन तिच्याकडे दिला. मिस कोरीन, मी मघाच घरी आले. दात नसल्यामुळे शब्द निसटतात, तसेच. तोच आवाज. मागून कुत्रा लाडानं भुंकत होता. कुत्र्याला कळलं असतं ना— अनोळखी कुणी असतं तर—

विल्माबाई फोन उचलत नाहीत.

सहा

दोघींपैकी एक. मला कळत नाही. कुणी नीट सांगितलं असतं तर, कशावरून ओळखायचं, एवढं जरी—

ती शेजारी बसलीय. मी लिहिते ते बघतेय. तिला अजून वाचता येत नाही. ॲडलिनला येत नाही.

विचारलं, कुत्र्याचं नाव काय? विचार करतेय. सहा वर्षांची मुलगी घाबरली की विसरते. विसरते ना?

सहा पाच

तिनं विचारलं, मला न्यायला कोण येणार?

काय सांगू. मी म्हटलं, कुणी नाही आलं तर मी नेईन. तोंडातून निघून गेलं. रडवेली झाली होती, कुणीही म्हणालं असतं. कुणीही—

आता हसतेय.

माझा डावा हात धरलाय. उजव्या हातानं लिहितेय. हात एवढासा आहे पण सुटत नाही. ओढून पाहिला. म्हणते चल. घर कुठे आहे विचारलं तर खिडकीकडे दाखवते, नदीच्या बाजूला. मी म्हटलं आधी विल्माबाईंना— म्हटलं दिवे बंद करून— ऐकत नाही, उठवतेय मला, खुर्ची मागे पडली, मी अजून वही—