ओल्या भिंतीवरचे तिघे

१२ मार्च, दुपार

छोट्या,

दादाचा आशीर्वाद. चौदा वर्षांनी देतोय. पत्र फाडायचं तर फाड, पण वाचून फाड. पत्ता मावशीने आत्ताच फोनवर दिला, आधी मला पोटभर शिव्या घालून. अण्णा गेल्या साली गेले, आता आपल्याला बाप नाही. माझी कंबर दुखते. बाकी ठीक.

छे, ठीक कुठलं!

बंद पडलेल्या छापखान्याच्या मागच्या भिंतीला गिलावा करायचं काम घेतलं होतं. सकाळी बघतो तर भिंतभर छिन्नीचे टोचे. म्हटलं, वा! नवा गिलावा नीट धरावा म्हणून कुणीतरी आधीच टोचून ठेवलीय, निम्मं काम वाचलं. नेहमीसारखा पाइप घेतला आणि भिंत भिजवली. टोचलेलं तेवढं पाणी प्यायलं, काळं पडलं, आणि त्यातून माणसं उभी राहिली. माझ्या दुप्पट उंचीची.

अण्णा. हातोडी उगारलेली, दात विचकलेले, मानेच्या शिरा तट्ट. खाली फळीवर लहान पोराचा पंजा. बोटं चेचलेली. तिथे तू पार विटांपर्यंत खोदलंयस, लाल विटा दिसतात. घाव सगळे डावखुऱ्याचे. उजव्या हाताने तू काय धरणार म्हणा.



अण्णांच्या ओल्या गिलाव्यावर तू खिळ्याने घोडा काढलास, एवढंच तर झालं होतं. चांगला होता रे तो घोडा. त्यांनी तुझ्या उजव्या पंजावर चार वेळा हातोडी हाणली. पहिल्या घावाला तू किंचाळलास, दुसऱ्याला 'दादा' म्हणालास. आजवर मी सगळ्यांना सांगत आलो, की मी सोडवायला गेलो होतो.

भिंतीवर तिसराही आहे. दोन्ही हातांनी पोराचं मनगट फळीवर दाबून धरलेला. खांदे आहेत, मान आहे, चेहरा नाही. नुसती कोरी जागा सोडलीयस.

तेवढ्यात ठेकेदार आला. "हे काय नाटक? आटप लवकर!" म्हणाला, आणि स्वतःच थापी भरून पोराच्या पंजावर गिलाव्याचा माल फेकला. मग माझं डोकंच फिरलं. त्याचा हात धरून भिंतीवर आपटला, आपटतच राहिलो. लोकांनी ओढलं तेव्हा त्याचं मनगट लोंबत होतं. आणि छोट्या, मला बरं वाटलं. याची फार लाज वाटते. अण्णांनाही तसंच वाटलं असेल का रे?

त्याला दवाखान्यात नेलंय. पोलीस येतीलच. सिमेंटच्या गोणीचा कागद फाडून त्यावरच हे लिहितोय.

पंजावरचा माल मी बोटांनी खरवडून काढला, पंजा पाण्याने धुतला. मग थोडा माल त्या कोऱ्या जागेवर मारला आणि थापीने माझं तोंड केलं. कारण मनगट मीच धरलं होतं. अण्णांनी 'धर' म्हटलं आणि एकोणीस वर्षांच्या घोड्याने धरलं. जन्मभर सपाट भिंती केल्या, मला तोंड कुठलं जमतंय! नाक वाकडं झालंय. डोळे मात्र उघडे ठेवलेत. तेव्हाही मिटले नव्हते.

तू येशील तोवर माल कडक झालेला असेल. माझं ते तोंड फोडावंसं वाटलं तर हातोडी आणि छिन्नी भिंतीच्या बुडाशीच ठेवलीय.

त्या दिवशी तुझं मनगट न सोडलेला,
तुझा दादा