शिवकांताच्या पेपरावरची फुली

प्रिय शिवकांता,

गेलेल्या माणसाला पत्र लिहितोय म्हणून हसशील. हस बाई! जिवंतपणी तरी कुठं कमी हसलीस माझ्यावर? पण उद्या सकाळी मला आपल्या गावच्या शाळेत बोलावलंय. शाळेनं मुलांना काय शिकवावं, यावर म्हाताऱ्या गुरुजींनी चार शब्द बोलावेत म्हणे. भाषण लिहायला बसलो अन् पहिल्याच ओळीपाशी तू येऊन उभी राहिलीस. म्हटलं, आधी हिच्याशी बोलून घ्यावं.

महिना झाला तुझ्या मातीला येऊन. सगळे रडत होते, अन् मला सारखं वाटत होतं की तू आता उठून विचारशील, "गुरुजी, आता तरी सांगा, आपला जिल्हा कोणता हाय?"

तीसेक वर्षं हाच प्रश्न! उदगीरला तुझ्या शिलाईच्या दुकानावरून गेलो की तू मशीन थांबवायचीस, चहा सांगायचीस, अन् गिऱ्हाइकांसमोर हेच विचारायचीस. मी म्हणायचो, "काय पोरगी हायस गं, विसरत न्हाईस व्हय?" तू हसायचीस, मीही हसायचो. उत्तर मात्र मी कधी दिलं नाही.

तू तिसरीत होतीस. लातूर नवा जिल्हा होऊन वर्ष उलटलं होतं, पण देवणीकडच्या आपल्या त्या दोन खोल्यांच्या शाळेत भूगोलाचं पुस्तक जुन्या जिल्ह्याचंच होतं. पावसानं दडी मारलेली, आड आटलेले. तू घागर घरी टेकवून धापा टाकत वर्गात यायचीस, खांदा ओला असायचा. सहामाहीच्या पेपरात प्रश्न होता, आपला जिल्हा कोणता? सगळ्यांनी लिहिलं उस्मानाबाद. तू लिहिलंस लातूर. मी लाल फुली मारली.

तू पेपर घेऊन टेबलापाशी आलीस. "गुरुजी, लातूरच हाय की."

मी म्हणालो, "कशावरून?"

त्या अख्ख्या वर्षात मी विचारलेला तेवढा एकच प्रश्न धड होता! तू दप्तरातून नांदेडच्या मामाचं पोस्टकार्ड काढलंस. पत्त्यात जिल्हा लातूर लिहिलेलं. "चुकीचं असतं तर पत्र घरी आलं असतं का?"

आठ वर्षांची पोर तू! अन् मी काय बोललो? "पुस्तकापेक्षा तुझा मामा शहाणा लागून गेला का? बस खाली. लई तोंड चालवू नको." सगळा वर्ग खो खो हसला.

मला काय ठाऊक नव्हतं? शाळेच्या नव्या शिक्क्यावर लातूरच होतं, अन् तो शिक्का मीच रोज कागदावर मारत होतो. पण तपासणीला येणारे साहेब पुस्तकावर बोट ठेवून विचारणार, याची मला धास्ती. खरं सांगू? तुझा पुरावा जरा कच्चाच होता. पोस्टमन नुसतं गाव-तालुका बघूनही पत्र आणतो. तेवढंच म्हणालो असतो तर तू दुसरा पुरावा हुडकून आणला असतास, मग मी शिक्का दाखवला असता. केवढा धडा झाला असता गं तो! सगळ्या वर्गाचा झाला असता.

त्यानंतर तू कधी बोट वर केलं नाहीस. मला वाटलं, पोरगी शिस्तीला लागली. कसला शहाणा मी!

मग उन्हाळ्यात टँकर आला. शाळेचा रांजण मी स्वतः उभं राहून भरून घेतला. दोन दिवसांत पाच पोरांना जुलाब-उलट्या. त्यात तुझा भाऊ बाळू, पहिलीतला. बैलगाडीत घालून दवाखान्यात नेला तेव्हा त्याचे डोळे खोल गेले होते, अन् तू अनवाणी गाडीमागं पळत होतीस. वाचला बापडा.

पुढं कितीतरी वर्षांनी, दुकानात सुईत दोरा ओवता ओवता तू सहज म्हणालीस, "गुरुजी, त्या पाण्याचा वास मला आला होता. पण म्हटलं, तुम्ही भरून घेतलंय म्हणजे चांगलंच असंल. गप बसले."

रागानं बोलली असतीस तर बरं वाटलं असतं. मी कप खाली ठेवला. तरी 'माझं चुकलं' हे दोन शब्द काही तोंडातून निघाले नाहीत. गुरुजी ना मी!

थोडं तुझंही चुकलं हं. एवढी चिडवायचीस, मग एकदा माझा हात धरून उत्तर का नाही घेतलंस? अन् एवढी घाई कसली होती? माझ्याआधी जायचं ठरलं होतं का आपलं?

तुझी नात आरोही आता त्याच शाळेत तिसरीत आहे. मातीच्या दिवशी तिनं विचारलं, "आजीला दवाखान्यात एवढ्या सुया दिल्या, तरी ती का मेली?" कुणीतरी तिला दटावलं, मोठ्यांना असलं विचारू नये म्हणून. मी तिला जवळ बसवलं. म्हटलं, "मला माहीत नाही बेटा. आपण डॉक्टरांना विचारू." आयुष्यभर शिकवलं, पण 'मला माहीत नाही' हे मी पोरांसमोर पहिल्यांदाच म्हणालो. काही बिघडलं नाही गं. उलट ती मला आणखी टेकून बसली.

तेव्हा उद्या भाषण नाही करणार. पोरांना तुझी फुली सांगणार, तो रांजणही सांगणार. म्हणणार, पुस्तक वाचा, पाठ करा, पण त्यालाही विचारा, कशावरून? गुरुजीलाही विचारा. तुमच्या नाकाला वास आला तर समोर कुणीही असो, बोला. अन् शाळेतल्या गुरुजी-बाईंना हात जोडून सांगणार, विचारणाऱ्या पोराला खाली बसवू नका. त्याच्यासोबत शोधा.

शेवटी खडू घेऊन फळ्यावर तुझा तो प्रश्न लिहीन. खाली तुझं नाव, तुझं उत्तर, अन् आरोहीसमोर मोठ्यानं म्हणेन, माझं चुकलं होतं. हा माझा शब्द आहे.

हे पत्र मी पेटीत टाकणार आहे, पोचो न पोचो. पाकिटावर तुझं नाव घातलं, गाव घातलं, अन् खाली घातलंय, जिल्हा लातूर.

बरोबर आहे, शिवकांता. पैकीच्या पैकी.

तुझे,
तिसरीचे गुरुजी