डोळे मिटून नळापर्यंत

काकाजी,

तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली की तुमचा चेहरा आठवायला आता थोडं थांबावं लागतं, पण तुमचं एक वाक्य थांबायच्या आधीच कानात येतं. "डोळे मीट अन् नळापाशी जा." कारखान्याच्या लॅबमध्ये तो माझा पहिला दिवस होता. नवरा गेल्यावर त्याच्या जागेवर लागले होते, दहावीनंतर पुस्तक उघडलं नव्हतं, आणि त्या काचेच्या बाटल्यांकडे मी परक्या घरच्या कपबश्यांकडे पाहावं तशी पाहत होते, फुटल्या तर काय सांगू या धास्तीनं. मला वाटलं, नव्या बाईची गंमत करून राहिले सारे. मी डोळ्यांवर हात ठेवला आणि बोटांच्या फटीतून पाहत निघाले. तुम्ही एक स्टूल उचलून माझ्या वाटेत ठेवलं. मी ते अलगद चुकवलं. "वा! आंधळ्या माणसाले स्टूल दिसलं," तुम्ही म्हणालात, आणि सगळी लॅब हसली. मग जवळ येऊन हळूच म्हणालात, "पाह्य बाई, ॲसिड डोळ्यात गेलं ना, तर ते तुले फटीतून पाहू देणार नाही. पुन्हा जा."

त्या दिवशी किती वेळा पाठवलं तुम्ही मला, मोजलं नाही. संध्याकाळी नडग्या काळ्यानिळ्या झाल्या होत्या. पण वाट अंगात उतरली होती. टेबलाची कड, मग ड्रॉवरची ढिली मूठ, मग उजव्या गालाला ओव्हनची धग लागली की डावीकडे वळायचं, हात लांब केला की नळ. दुसऱ्या दिवशी माझ्या साडीला बोट लावून म्हणालात, "हे नायलॉन आहे. गरम काही उडालं तर वितळून अंगाले चिपकते. घरी सुती नाही का?" मी नाही म्हणून मान हलवली. तिसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात गुंडाळलेली काकूंची सुती साडी माझ्या टेबलावर होती, निळ्या काठाची, खळ घातलेली. "तिले सांगतलं, लॅबच्या कामाची आहे. ती म्हणे, मंग भोकं पडल्यावर परत आणू नका." खरंच भोकं पडली त्या साडीला. ॲसिडची, तिळाएवढी. अंगाला मात्र एक डाग नाही.

रुआबांध्याच्या, कारखान्याच्या वसाहतीतल्या क्वार्टरमध्ये मी पोळ्या करता करता डोळे मिटून गॅसपासून मोरीच्या नळापर्यंत जायची. माझी मुलगी तेव्हा दुसरीत. ती दारात उभी राहून विचारायची, "आई, तू काय करून राहिली?" मी म्हणायची, "ड्यूटी." मग तीही डोळे मिटून माझ्या मागे यायची आणि आम्ही दोघी पाण्याच्या माठावर जाऊन आदळायचो.

तुम्ही हे सगळ्यांना का करायला लावता, ते मी विचारलं नव्हतं. तुम्हीच सांगितलं, एका उन्हाळ्यात, डब्यातली चटणी माझ्याकडे सरकवत. मी अमोनियाची बाटली उघडायला घेतली होती आणि तुम्ही धावत येऊन माझं मनगट धरलं होतं. "मे महिन्यात ही बाटली अशी उघडते का कोणी? आत वाफ कोंडून राहते. आधी बर्फात ठेव, तोंड आपल्यापासून फिरव, मंग झाकण." मग जेवताना तुम्ही सगळं सांगितलं. मी येण्याच्या आधी लॅबमधल्या तुमच्या जोडीदाराने तशीच बाटली उघडली होती, आणि झाकण सुटताच सगळा फवारा तोंडावर. डोळे मिटलेले, तो नळाकडे पळाला. नळ रोजच्याच जागी होता. पण आदल्या दिवशी मोठे साहेब येणार म्हणून लॅब नीटनेटकी दिसावी यासाठी मधलं टेबल सरकवलं होतं. तो टेबलावर आपटला, पडला, उठला आणि दिशाच चुकला. एक डोळा गेला त्याचा. "टेबल मी सरकवलं होतं," तुम्ही म्हणालात. "तो मले कधी एक शब्द बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं." मग डबा झाकून तुम्ही हात धुवायला गेलात, आणि मी पाहिलं, तुम्ही डोळे मिटून चालत होतात.

आता मी कोहक्याच्या एका कॉलेजात आहे. रिटायर झाल्यावर घरी बसवेना, म्हणून लॅब अटेंडंट म्हणून लागले. सगळे मला मावशी म्हणतात, प्रोफेसरसुद्धा. नवी बॅच आली की पहिल्या प्रॅक्टिकलला मी बाटल्यांना हात लावू देत नाही. आधी गॉगल, मग केस बांध, मग डोळे मीट आणि नळापाशी जा. पोट्टे हसतात. "मावशी, ये तो आँख-मिचौली है!" एक मुलगी म्हणाली, "मावशी, रील बनाऊँ?" मी म्हटलं, "बनव. पण स्टूलाले धडकली तेही दाखवजो." ती धडकली, आणि तिने दाखवलंही. कोणी फटीतून पाहिलं की मला लगेच कळतं. मी फक्त स्टूल उचलते.

गेल्या आठवड्यात प्रॅक्टिकलची परीक्षा होती. सकाळी जाऊन मी नेहमीप्रमाणे पहिल्यांदा नळ सोडला, तर नुसती हवा. गच्चीवरच्या टाकीचा पाइप फुटला होता. मी लॅबला पुन्हा कुलूप लावलं आणि चावी कमरेला खोचली. विभागाच्या मॅडम आल्या. चांगली पोर आहे, माझ्या मुलीपेक्षा लहान. म्हणाल्या, "मावशी, चाबी दीजिए ना, बाहेरचे परीक्षक बसले आहेत. मी दोन बादल्या भरून ठेवायला सांगितल्यात." मी म्हटलं, "मॅडम, ॲसिड उडालं तर पंधरा मिनिटं धार लागते डोळ्याले. बादलीतला मग कुठे आहे, हे डोळे मिटून कोणाले सापडेल? अन् दोघांच्या डोळ्यात गेलं तर कोणाले पाणी द्याचं?" मग प्राचार्य आले. त्यांचा आवाज कॉरिडॉरभर. "हे ठरवणाऱ्या तुम्ही कोण? तुम्ही अटेंडंट आहात." मी कमरेच्या चावीवर हात ठेवला, काकाजी, आणि म्हटलं, "सर, चावी माझ्यापाशी आहे तोवर मीच." मुलं भिंतीला टेकून उभी होती. कोणी हसलं नाही.

दुपारी प्लंबर आला, नळाला धार आली, मी कुलूप काढलं, परीक्षा झाली. कोणाला काही झालं नाही. आणि हेच माझ्या विरुद्ध जातं. अपघात झाला असता तर सगळे म्हणाले असते, मावशीचं ऐकायला हवं होतं. काही घडलं नाही, म्हणजे म्हातारीचा हट्ट, आणि परीक्षकांची दुर्गहून सुटणारी गाडी गेली ती वेगळीच. शुक्रवारी मला एक छापील कागद मिळाला. त्यात दोनच वाक्यं. माझ्याकडून चूक झाली. यापुढे असं होणार नाही. खाली सहीची जागा. सोमवारपर्यंत सही दिली नाही तर कामावर यायचं नाही.

मुलीला फोनवर वाचून दाखवलं. ती आता रायपूरला असते. म्हणाली, "आई, कर ना सही, कागदच तर आहे. इस उम्र में किससे लड़ोगी?" मी म्हटलं, "पहिल्या वाक्यावर मी करते बापा सही. चूक तर माणसाकडून होतेच. पण दुसरं वाक्य पाह्य. यापुढे असं होणार नाही, म्हणजे काय? पुढच्या वेळी नळ कोरडा असला तरी मी चावी काढून देईन, असंच ना?" ती म्हणाली, "मला अजून क्वार्टरचा तो माठ आठवतो." बस, पुढे तिने आग्रह केला नाही.

उद्या सोमवार. मी सही करणार नाही. कोऱ्या कागदावर माझ्या हाताने लिहून नेणार आहे की नळाला पाणी नव्हतं म्हणून मी कुलूप उघडलं नाही, आणि पुन्हा पाणी नसलं तर पुन्हा उघडणार नाही. त्यांना ठेवायचं असेल तर ठेवतील. नाही ठेवलं तर जाण्याआधी मॅडमना डोळे मिटायला लावून नळापर्यंत नेऊन आणीन, म्हणजे माझ्या मागे कोणाला तरी वाट ठाऊक राहील. त्या येतील, मला वाटतं. कॉरिडॉरमध्ये प्राचार्य बोलत होते तेव्हा त्या माझ्या बाजूला उभ्या होत्या, त्यांच्या नाही.

हे पत्र कुठे पाठवायचं नाही. तुमच्या मुलाचा नागपूरचा पत्ता आहे माझ्याकडे, पण टेबल कोणी सरकवलं होतं हे तुम्ही त्याला सांगितलं होतं की नाही, मला माहीत नाही. आणि आणखी एक गोष्ट आहे, ती तुमच्याशिवाय कोणाला सांगवत नाही. शनिवारी दुपारी मी त्या छापील कागदावर सही करायला बसले होते. नावाचं पहिलं अक्षर काढलंही. कामाची ओढ नव्हती, काकाजी, आणि प्राचार्यांची भीतीही नव्हती. दिवसभर घरात मला मावशी म्हणून कोणी हाक मारणार नाही, एवढ्याशाच गोष्टीने हात पुढे गेला होता. मग ते अक्षर खोडलं. पेन जोरात दाबून खोडलं तरी ते वाचता येतंच. उद्या माझ्या कागदाबरोबर तोच कागद तसाच त्यांना परत देणार आहे.