आईला गाडीतलं काय कळतं

ग्वाल्हेर
सोमवार, ७ जुलै

प्रिय मधू,

आपण रोज फोनवर बोलतो, आणि तरी घरी हे पाकीट आलेलं पाहून तू आधी शेवटची सही बघशील, मग सगळी पानं उलटून पाहशील, हे मला ठाऊक आहे. घाबरू नकोस. मी बरा आहे. तुझी आईही बरी आहे. तिचा गुडघा आहे तसाच आहे आणि जीभही. काही गोष्टी मला फोनवर नीट मांडता येत नाहीत. तू मध्येच विचारतेस, नाना, गोळी घेतली का, आणि माझं वाक्य अर्ध्या रस्त्यात उतरून जातं. येत्या रविवारी तुझी अवंतिका तुला फोन करून काहीतरी विचारणार आहे. त्याचं उत्तर तू तिला देण्याआधी हे सगळं तुझ्या वाचनात यावं, म्हणून लिहायला बसलो आहे. स्पीड पोस्टाने पाठवतोय, गुरुवारपर्यंत नागपूरला पोचावं. मध्ये मी नेहमीसारखा भरकटेन, तेवढं सोस, पण शेवटपर्यंत वाच.

आधी बातमी. आपल्या पांढऱ्या गाडीचा सायलेन्सर आम्ही घरीच बदलला. आम्ही म्हणजे तुझ्या लेकीने. मी टॉर्च धरला. जुना गंजला होता हे खरं, पण त्याजागी साधा दुसरा बसवला असता तरी माझं चाललं असतं. हिने मागवला तो खास, जाड नळीचा, चकचकीत स्टीलचा. त्याने म्हणे इंजिनाला मोकळा श्वास मिळतो आणि ताकद थोडी वाढते. तिसऱ्या गिअरमध्ये सिटी सेंटरपर्यंत जाऊन भाजी घेऊन परत येणाऱ्या माणसाला ती वाढीव ताकद कुठे लागणार, असं मी विचारलं. त्यावर "नाना, आप समझोगे नहीं" म्हणून तिने खोकं फोडलं. वाढदिवसाला तू तिला जे पैसे पाठवले होतेस ते त्या खोक्यात गेले आहेत. हे मी तुला सांगितलेलं नाही.

शनिवारी संध्याकाळीच तिने गाडीखाली सरपटत जाऊन गंजलेल्या बोल्टांवर तेल सोडून ठेवलं, रात्रभर मुरू दे म्हणाली. तुझी आई म्हणाली, लोणचं घालते आहे का ही? काल सकाळी सहालाच काम सुरू झालं, कारण नंतर पोर्चची फरशी पाय ठेवू देत नाही. आपला पोर्च उताराचा, म्हणून चाकांना विटा लावल्या. मग जॅकने गाडी उचलून दोन लोखंडी घोड्यांवर टेकवली. जॅक आहे ना, मग घोड्या कशाला, असं मी म्हणालो. तर मला ऐकावं लागलं की नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली जाणाऱ्या माणसाला ती मूर्ख म्हणते, आणि तो आजोबा असला तरी म्हणेल. खांदा लावून तिने गाडी दोनदा हलवून पाहिली, तेव्हा कुठे ती सतरंजी अंथरून खाली शिरली. त्यानंतर दोन तास मला फक्त तिचे पाय दिसत होते. चौदा नंबरचा पाना द्या. हा बारा आहे, नाना. टॉर्च हिलाओ मत. एक बोल्ट रात्रभर तेल पिऊनही हटेना, तो तुटलाच. सायलेन्सर ज्या रबरी कड्यांत टांगलेला असतो त्या साबणाच्या पाण्याने निसटल्या. नळी मागच्या ॲक्सलवरून काही केल्या निघेना, ती तिने करवतीने कापली. कापलेला तुकडा तुझ्या आईने चिमटीत धरून पाहिला आणि विचारलं, हा भंगारवाल्याला द्यायचा की यांच्या कवितांच्या वह्यांशेजारी ठेवायचा?

नवी नळी चढवताना मात्र तिने सगळे बोल्ट नुसते बोटांनी फिरवले, एकही आवळला नाही. मी पाना लावायला गेलो तर हातावर चापट बसली. आधी सगळं सैल टांगायचं, नळी कुठे घासत नाही ना ते पाहायचं, आणि मग पुढून मागे आवळत यायचं. मला गंमत वाटली. कविता रचतानाही असंच असतं. पहिली ओळ आवळून बसलं की चौथीला जागा उरत नाही. शेवटी स्पिरिटच्या बोळ्याने तिने नळीवरचे बोटांचे डाग पुसले. न पुसता गाडी चालवली तर ते भाजून कायमचे उमटतात म्हणे. हे सगळं ती इतक्या शांतपणे करत होती, मधू, की मला पोळ्या लाटणारे हात आठवले. विचार करावा लागत नाही असे हात.

मग गाडी सुरू केली. आवाज खालच्या पट्टीतला, भरीव, कुठेही न फाटलेला. शेजारचे रमाकांत, ज्यांनी सगळी नोकरी वाहतूक पोलिसात काढली, ते तोंडाला दाढीचा साबण तसाच ठेवून भिंतीवरून डोकावले आणि म्हणाले, आवाज हद्दीत आहे, पण रस्त्यावर उगाच रेस करशील तर चालान फाडायला मीच कुणाला तरी बोलावीन. अवंतिका हात पुसायला लागली. मला मात्र काहीतरी खटकत होतं. आमचे शाळेतले मास्तर तुला सांगितले आहेत ना, टेबलावर छडी आपटून वृत्तं शिकवणारे? लघु म्हणजे छडीचं टोक, गुरु म्हणजे सबंध छडी. लगागा लगागा लगागा लगागा. पासष्ट वर्षं झाली, भुजंगप्रयात अजून माझ्या पायातून चालतं. गाडी उभ्या जागी तशीच चालली होती, पण दर थोड्या वेळाने मध्येच एक बारीक टिक् पडत होतं, छडीचं टोक चुकून लागावं तसं. मी म्हणालो, यतिभंग होतोय. ती म्हणाली, ये इंजन है नाना, कविता नहीं. मी हट्टच धरला, तेव्हा माझं मन राखायला तिने जोडावर साबणाचं पाणी शिंपडलं, आणि तिथून खरोखर बुडबुडे आले. हवा निसटत होती. तिने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, तसं शाळेत तीस वर्षं शिकवून एकाही मुलाने पाहिलं नव्हतं.

जोड परत उघडायचा तर नळी निवायला हवी, म्हणून आम्ही तासभर पायरीवर चहा घेत बसलो. तेव्हा तिने मला जे सांगितलं, ते ती तुला रविवारी सांगणार आहे. बँकेच्या परीक्षेच्या ज्या कोचिंगसाठी तू तिला आमच्याकडे ठेवलंस, तिथे ती दोन महिने गेलेलीच नाही. त्या वेळात ती एका गॅरेजमध्ये काम शिकते. आणि पुण्यात गाड्यांच्या कामाचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे, तिथे तिची निवड झाली आहे. पंधरा तारखेपर्यंत हो की नाही ते कळवायचं आहे. मी तुझ्याकडे शब्द टाकावा असं तिला वाटत होतं. मी विचारलं, तू स्वतःच का नाही सांगत आईला? माझ्या आधी तिलाच सांगायला हवं होतंस. त्यावर ती कपाकडे बघत म्हणाली, "आईला गाडीतलं काय कळतं, नाना? तिला फक्त बँक कळते."

मी कप पायरीवर ठेवला. गोरखीतल्या आपल्या त्या भाड्याच्या दोन खोल्या डोळ्यांपुढे आल्या. सत्त्याण्णव साल, तुला अठरावं नुकतंच लागलेलं. माझी स्कूटर चढ घेईना, मिस्त्री म्हणाला इंजिन खोलावं लागेल, आणि तू म्हणालीस, इंजिन नाही, सायलेन्सर तुंबलाय. मागच्या अंगणात तू तो खोलून, रॉकेलचा बोळा घालून पेटवलास. धूर इतका झाला की शेजारच्या शालिनीताईंचे वाळत घातलेले पापड काळे पडले, आणि तुझ्या आईला त्यांच्याकडे आठवडाभर पापड लाटायला जावं लागलं. निवल्यावर तू काठीने तो ठोकलास आणि घमेलंभर काजळी काढलीस. त्या संध्याकाळी आपण उरवाई दरवाज्याच्या बाजूने किल्ला चढलो. तू चालवत होतीस. मी मागे बसून स्कूटरच्या ठेक्यावर मोठमोठ्याने वृत्तं म्हणत होतो आणि तू ओरडून सांगत होतीस, नाना, हलू नका. तुझ्या मानेवर काजळीचा एक पट्टा राहिला होता. मला तो वरपर्यंत दिसत होता.

हे सगळं पायरीवर तिला सांगावं असं तोंडाशी आलं होतं. सांगितलं असतं तर तिने लगेच पुढचं विचारलं असतं, की मग आईने ते सोडलं का. म्हणून मी कप विसळायला आत गेलो. नळी निवल्यावर ती पुन्हा खाली गेली. जोडात जी चकती बसते, गॅसकेट, ती जुनी तशीच लोखंडाला चिकटून राहिली होती, जळून इतकी काळी की वेगळी ओळखूच येऊ नये, आणि हिने तिच्यावरच नवी बसवली होती. अर्धा तास तिने ती खरवडली. दुसऱ्यांदा गाडी सुरू केली तेव्हा टिक् गेलं होतं. तिने मला मिठी मारली, माझा सदरा काळा झाला, तुझी आई दोघांनाही बोलली. मी हसत होतो, आणि आतून मला अगदी बरं वाटत नव्हतं.

त्याच उन्हाळ्यात तू भोपाळच्या पॉलिटेक्निकचा फॉर्म भरला होतास. ऑटोमोबाईल. मी सही केली, आणि मीच म्हणालो, दे, मी टाकतो. बाड्याच्या चौकातल्या पोस्टात गेलो, रांगेत उभा राहिलो, खिडकीशी पोचलो, आणि दहा पोस्टकार्डं विकत घेऊन परत फिरलो. फॉर्म पिशवीतच राहिला. सराफा बाजारात एका बंद दुकानाच्या पायरीवर बराच वेळ बसलो होतो. मुलीची जात, परका गाव, लोक काय म्हणतील, अशी कारणं मी तिथे जमवली. ती खोटी होती हे तेव्हाच कळत होतं. तू गेलीस तर संध्याकाळी घरी येऊन मी कविता कुणाला म्हणून दाखवणार, एवढीच माझी भीती होती. उद्या टाकू म्हणत म्हणत तारीख गेली. तू रोज पोस्टमनची वाट पाहायचीस आणि मी रोज तुला पाहायचो. माझं जेवण सुटलं. शेवटी एक दिवस तूच माझ्या ताटाशी येऊन बसलीस आणि म्हणालीस, "जाऊ द्या नाना. पोस्टात गहाळ झाला असेल, त्यात तुमचा काय दोष? मी बी.कॉम. करते." तू माझी समजूत काढलीस, मधू, आणि मी ती काढून घेतली. त्या दिवशी मी दोन पोळ्या खाल्ल्या.

अठ्ठावीस वर्षं तू ते नशीब समजत आलीस. ते नशीब नव्हतं, तो मी होतो. हे सांगण्यासाठी हे पत्र. अवंतिकाच्या बाजूने मी एक शब्दही टाकणार नाही. तो अधिकार मी त्या खिडकीपाशी घालवला. तू तिला हो म्हण, नाही म्हण, पण आपल्या वेळी काय घडलं हे नीट ठाऊक असताना म्हण. पाकिटात शेवटी तुझा तो फॉर्म आहे. फाडायचा धीर मला कधी झाला नाही. त्यावर तुझा दोन वेण्यांचा फोटो अजून चिकटलेला आहे, खाली माझी सहीही आहे. अवंतिकाला मी काहीच सांगितलेलं नाही. तो तिला दाखवायचा की नाही, हे तुझं तू ठरव. तुझ्या आईलाही अजून माहीत नाही. पोस्टातून परतल्यावर आज तिला सांगेन. तुला रागाने माझ्याशी बोलावंसं वाटलं नाही, तर बोलू नकोस, कितीही दिवस. मी फोनपाशी असेन.

तुझाच, हा शब्द लिहायची मुभा अजून असेल तर,
नाना